डावी दाढ, उजवी दाढ

लवंगतेलाचा वास आला की मला गडचिरोलीतलं एक चर्चासत्र आठवतं. विषय होता आयुर्वेदातला कृमिदंत आणि आजचा एक्स-रे. मी एक्स-रे काढणारा. पोंभुर्ण्याकडची एक बाई सकाळपासून मंचावर बसून होती. दोन दिवस तिला धड चावता येत नव्हतं, आणि भाषण संपलं की तिची किडकी दाढ काढायची असं ठरलं होतं. शाल पांघरलेल्या वैद्यांनी श्लोक म्हणून पडद्यावरचा काळा डाग काठीने दाखवला. "हा डावीकडचा कृमिदंत." बाईने उजवा गाल धरला. "भाऊ, मले इकडं दुखते." वैद्य हसले. "बाई, दुखणं फिरतं, फोटो फिरत नाही." टाळ्या पडल्या. फोटो फिरलाच होता; फिल्म मी उलटी लावली होती, त्यामुळे उजवी दाढ डावी दिसत होती. आभारप्रदर्शन संपेपर्यंत मी गप्प बसलो, मग दाढ काढणाऱ्या डॉक्टरच्या कानात सांगितलं. उजवीच दाढ निघाली. बाहेर आल्यावर बाईपुढे मी चूक कबूल केली. दाताखालचा कापूस सावरत ती बधिर ओठांनी म्हणाली, "मंग तवाच काऊन नाई बोलले, भाऊ? मी तं बोलली." त्यानंतर मी पुष्कळ चर्चासत्रांना बसलो. अजूनही बसतो, गप्पच.