भेंडीची तार

भेंडी धुतली की बाबा जुना पंचा पसरून एकेक भेंडी पुसत बसायचे. आई वैतागायची, "अहो, भाजी आहे ती, चांदीची भांडी नव्हेत!" बाबा शांतपणे म्हणायचे, "ओली चिरली की तार सुटते गं."

बाबा गेल्यापासून घरात एवढा निवांतपणा कुणाकडेच उरलेला नाही. आज घाईत मी भेंडी ओलीच चिरली. मंद आचेवर ती कधीची शिजतेय. उलथनं उचललं की बारीक, चकाकती तार कढईतून वर येते. बाबांनी जन्मभर टाळली, ती हीच.

शेजारी उभी असलेली आई म्हणाली, "आमसूल टाक, लगेच तुटेल."

मी आमसूल हातात घेतलं. आई त्या तारेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "राहू दे जरा."