हवाबंगल्याची तिसरी हाक

कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर, मुंबईच्या एका शेठनं हवापालटासाठी बंगला बांधला होता. त्याच्या घरची क्षयाची माणसं तिथं हवा खायला येत. दोन सुनांना हवेनंच खाल्लं, तेव्हा शेठनं कुलूप घातलं आणि पुन्हा फिरकला नाही. कुलपाची राखण खालच्या वाडीतला कोंडू करी. सन पंचावन्नच्या सुमारास कोंडू तापानं गेला. ही गोष्ट मुंबईला कुणी कळवली नाही, म्हणून नोकरी त्याच्या बायकोकडे, पुतळाबाईकडे, आपसूक आली.

बंगल्याला सागवानी दारं होती आणि वाडीतल्या घरांना कुडाची. हा फरक लोकांच्या डोळ्यांवर यायला लागला की राखणदाराचं काम वाढतं. आधी न्हाणीघराचं दार गेलं. ते पुतळाबाईला तिच्या दिराच्या, बहिरूच्या, गोठ्यात दिसलं. ती भांडली नाही. पाणवठ्यावर धुणं आपटता आपटता गंगीला एवढंच म्हणाली, "बंगला हाक मारतो गं. नाव घिऊन."

उताराखाली पहिलं घर या गंगीचं. तिच्या कानावर पडलेलं वाडीभर व्हायला एक भाकरी भाजायचाही वेळ लागत नसे.

संध्याकाळी बहिरू आला. "वैनी, हाकंला काय भ्यायचं? भुताला तिसरी हाक मारता येत न्हाई. तिसरीला ओ द्यावी, त्यो माणूसच आसतो. ल्हान पोराला ठावं हाय."

नेम खरा होता. डोंगरात सगळेच तो पाळत. पुतळाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"ते आपल्याकडचं, भाऊजी. ह्ये मुंबईचं भूत. त्याला आपलं नेम कुणी शिकवलं? त्ये तिसरीबी मारतंय. तुमचं भाऊ तिसरीलाच ओ देऊन बसलं."

बहिरूचा चहा अर्धा राहिला. चार दिवसांत न्हाणीघराचं दार आपल्या बिजागरीशी येऊन टेकलं.

पुढची काही वर्षं बंगला आणि पुतळाबाई, दोघंही सुखात होती. आत सुनांच्या लोखंडी खाटा होत्या, त्यांवर मच्छरदाण्यांच्या चिंध्या. झाडता झाडता ती मध्येच हात थांबवून कान देई. आपण घडवलेलं भूत आपल्याला भिववत नाही, हा तिचा समज दिवेलागणीपर्यंत टिके.

बासष्टच्या श्रावणात, भर दुपारच्या दाट धुक्यात, मागच्या पडवीत हौदावरची फळी तिच्या पायाखाली मोडली. हौद जमिनीतला, भिंतींना शेवाळ, पाणी कमरेला. पन्हाळीतून आणखी येतच होतं.

वाटेवर बांगड्या वाजल्या. गवताचा भारा घेऊन गंगी चालली होती.

"गंगेऽ!"

बांगड्या थांबल्या.

"गंगे, मी हाय! गंगेऽ!"

भारा धप्पकन पडला. पावलं उतारावरून पळत सुटली.

बऱ्याच वेळानं फाटकापाशी माणसं जमली. आत कुणी आलं नाही.

"आवाज तर वैनीचाच," बहिरू म्हणाला.

"मग झालं तर," दुसरा कुणी म्हणाला. "बाईला गिळलं आन् आता तिच्याच गळ्यानं बोलवतंय."

"भाऊजी, मेल्या, मी हौदात हाय! न्हाणीचं दार तूच चोरलंतंस!"

"ऐकलंत?" बहिरू ओरडला. "त्याला समदं म्हाईत हाय!"

माणसं गेली. पाणी छातीशी आलं, मग खांद्याशी. पुतळाबाईनं वाडीतलं एकेक नाव घेऊन तीन-तीन हाका मारल्या. हाका रिकाम्या खोल्यांतून फिरून तिच्याकडेच परत येत होत्या आणि आता तिलाही त्यांना ओ द्यायचा धीर होत नव्हता.

"ओऽ! कोन हाय?"

ती गप्पच झाली. तारखात्याचा एक साताऱ्याकडचा माणूस शिडी घेऊन पावसाच्या आडोशाला आला होता.

"मावशे, हाका मारून गप बसतीस व्हय? कुटं हायस?"

त्यानं शिडी सोडली, तिला वर काढलं, आणि पाऊस उघडताच तो पुढच्या खांबाकडे निघून गेला. साक्षीला कुणी उरलं नाही.

चिखलानं माखलेली, लंगडत ती गंगीच्या दाराशी पोचली. हाक मारली नाही. नुसती कडी वाजवली. फटीतून गंगीचा एक डोळा दिसला.

"मावशी, आपल्या जागी जा बाई," गंगी रडत म्हणाली. "आमच्या पोराबाळांस्नी तरास दिऊ नगं. तुजं तुला घालू आमी."

गंगी शब्दाला जागली. दर अमावास्येला फाटकाशी दहीभात आणि लिंबू यायला लागलं. पुतळाबाई आता बंगल्यातच राही; भात खाई, लिंबाचं लोणचं घाली, आणि परसात नाचणी करी. पुढं मुंबईचा पगार थांबला. उतारा थांबला नाही. बंगल्याचं एक दारही पुन्हा चोरीला गेलं नाही. अशी राखण पंचक्रोशीत कुणी केली नसेल.

हौदातून निघाल्यावर तिनं कुणालाही नावानं हाक मारली नव्हती. बऱ्याच वर्षांनी, असाच श्रावण असताना, तिला ताप भरला. दोन दिवस ती शेठच्या सुनेच्या खाटेवर पडून होती. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता आणि हात उचलत नव्हता. धुकं खिडकीशी आलं तेव्हा तिनं सगळा जीव गोळा केला.

"गंगेऽ."

थांबली. पुन्हा मारली. मग तिसरी.

खाली उताराशी गंगीच्या दाराची कडी लागल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.