सावडीतलं पूर्ण माणूस

आमच्या घरात मोठी माणसं दोन आणि मुलं दोन, असं मी गेल्या वर्षी गावात घरोघरी पाहणी करायला आलेल्या संशोधक बाईंना सांगितलं होतं. मुरबाडजवळच्या एका कारखान्यात मी कामगारांची हजेरी ठेवतो. आकडा चुकला तर मला चैन पडत नाही.

यंदा मे महिन्यात बाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, "मागच्या वेळी मुलांबद्दलचं सगळं आम्ही आईवडिलांनाच विचारलं. ते चुकलं आमचं. आता मुलांनाच विचारतोय."

मला हसू आलं. बारावी झालेली माझी मुलगी ओटीवर बसली होती. ठाण्याला नर्सिंगसाठी तिचा नंबर लागला होता, पण ती नको म्हणत होती. अजून लहान आहे, घर सोडायला घाबरते, अशी मी समजूत करून घेतली होती.

"तू मोठी कधी झालीस, असं वाटतं तुला?" बाईंनी विचारलं.

"दहावीच्या पावसाळ्यात. सावडीत मला पूर्ण माणूस धरलं तेव्हा."

सावड म्हणजे भातलावणीला आज आमची माणसं शेजाऱ्यांच्या शेतात, उद्या त्यांची आमच्या. त्यात पोरांना अर्धं माणूस धरतात. बायकोच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून मुलगी 'मदतीला' जाते, एवढंच मला ठाऊक.

"म्हणून नर्सिंग नको," ती म्हणाली. "मी गेले तर सावडीला कोण जाणार? आमच्या घरचं माणूस गेलं नाय, तर आमच्या शेतात कोण येणार?"

बायकोने मान खाली घातली. शेजारच्या वहिनी पलीकडे तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, "खरं का हे?"

"आता विचारता, भाऊजी? अख्ख्या गावाला माहीत हाय. तिच्या जोडीनं लावताना आमीच मागं पडतो!"

गावाने तिला कधीच मोठ्यांत मोजलं होतं. एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

"यंदा मी येतो सावडीला," मी कसंबसं म्हणालो. "रजा काढतो."

"तुमी?" वहिनी खो खो हसल्या. "तुमाला अर्धंच धरू हां आमी!"

"उरलेल्या अर्ध्याला रोजावर बाई लावीन."

मुलगी हसली नाही. "रजा मिळेल का ते आधी विचारा," ती म्हणाली. "मग मी ठाण्याला येते म्हणून कळवते."

मी तिथेच ओटीवर बसून सुपरवायझरला फोन लावला. रिंग वाजत होती तोवर ती समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती.