श्रावणातली आगबोट

आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी होती आणि तिथपर्यंत पडावाने जायचं होतं. दादाने, माझ्या मोठ्या भावाने, माझी ट्रंक डोक्यावर घेतली, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि तो पाण्यात शिरला. गावच्या शाळेतला मास्तर माणूस, पण त्या दिवशी हमालालाही हात लावू दिला नाही त्याने. पुढे आमचे हे, मुंबईला एका कचेरीत कारकून, लग्नाला आठवडा झालेला. मागे मी, नव्या लुगड्याच्या निऱ्या सावरत. किनाऱ्यावरून आई ओरडून सांगत होती, "मागे बघू नको गो, बोट लागते." मी बघितलं, आणि बोट लागायची ती लागलीच. रात्रभर डेकवर पडून होते.

सगळं घर पोचवायला आलं होतं, आक्का तेवढी नव्हती. आक्का माझी थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. तिला दमा आहे असं घरात म्हणायचे. खाडीचा वारा सोसायचा नाही, म्हणून तिला मागच्या पडवीतच ठेवलं, असं आई म्हणाली. तिचं अंथरूण पडवीत, तिचं ताट पडवीत, ते विसळायचं तेसुद्धा वेगळ्या दगडावर. मी वर्षभर हे बघत होते आणि मला काही कळलं नाही. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा तिने मला दारातच थांबवलं. म्हणाली, "लांबूनच नमस्कार कर, लुगडं चुरगळेल." मला वाटलं, बाईला राग आलाय माझं लग्न झालं म्हणून.

तिकडे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं ट्रंक घेऊन इकडे आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. तुम्हाला गोड वाटावं म्हणून मात्र नाही. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यावर अभिप्राय लिहिता लिहिता माझी बोटं दुखली आहेत.

मुलुंड तेव्हा मुंबई आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. चाळीत दोन खोल्या, मागे डोंगर, संध्याकाळ झाली की कोल्हे ओरडायचे. मी घरी कळवलं की मुंबईत आले पण मुंबई अजून दिसली नाही. तरी नळ होता, दिव्याचं बटण होतं, आणि शेजारी जयाबेन होती. जयाबेनच्या मोठ्या नणंदेला खोकला होता. तिला घाटकोपरच्या डॉक्टरकडे नेलं, छातीचा फोटो काढला, क्षय निघाला. मग रोज सुई. काही महिन्यांत ती बाई अशी गरगरीत झाली की नळावर माझ्याशी कचाकचा भांडायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संध्याकाळचा ताप, तोच खोकला, गळ्याची हाडं वर आलेली. आक्काला दमा नव्हताच. मी दादाला ताबडतोब पत्र टाकलं, तिला मिरजेला क्षयाच्या इस्पितळात न्या, नाहीतर इकडे पाठवा. उत्तर आलं नाही. पावसात तार आली, आक्का गेली.

कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पावसाळ्यात बोट बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ पडल्याशिवाय कुणी समुद्रात जात नाही. आमच्या बाजूच्या रस्त्याला वाटेत तीन नद्या, त्यांवरच्या उताराच्या होड्यासुद्धा बंद. मी मुलुंडला बसून राहिले. दहावा झाला, बारावा झाला, तेरावा झाला. मी डोंगराकडे बघत तांदूळ निवडले.

पुढे आश्विनात गेले तेव्हा गावच्या वैद्यबुवांनी सांगितलं की मिरजेला न्या असं त्यांनी वर्षापूर्वीच बजावलं होतं. घरचा कर्ता दादा. मी त्याच्याकडे बघितलं. तो पावसात फुटलेली कौलं बदलत होता, खाली आलाच नाही. त्या दिवसापासून मी त्याला मनातून पुसून टाकलं. बोलायचे, पण वरवर.

आता अभिप्रायाच्या धंद्याचं सांगते. दुपारी वेळ असायचा, म्हणून मी वाचनालयातून कादंबऱ्या आणायचे. एका कादंबरीने माझं डोकं असं फिरवलं की मी एका साप्ताहिकाला चार पानं खरडून पाठवली. संपादकांनी ती छापली आणि वर आणखी पुस्तकं धाडली. तेव्हापासून महिन्याला दोनतीन येतात. गिरगावातून आमचे हे पिशवीत घालून आणतात, भाजीबरोबर. आणि येतात त्या सगळ्या एकाच जातीच्या. घरात कुणीतरी मरतं, घर मोडतं, मग शेवटच्या तीस पानांत सगळं सांधतं. रुसलेला मुलगा परत येतो, सासू सुनेच्या गळ्यात पडते, आजारी बाई हसत डोळे मिटते आणि बाकीच्यांची दुःखं जखम भरावी तशी भरून येतात. या कादंबऱ्यांत क्षयाला थुंकी नसते. कपाळ तेवढं तापतं. उशाशी मोगरा असतो, खाली राख घातलेलं मडकं कधी नसतं. असं घडत नाही हो. मी दर वेळी लिहायचे, असं घडत नाही. संपादक म्हणायचे, बाई, जरा हात मऊ ठेवा, तुम्ही झोडलेली पुस्तकं वाचक घेत नाहीत, तुमचा अभिप्राय वाचून खूश होतात आणि प्रकाशक माझ्या नावाने खडे फोडतात. मी म्हटलं, मग मऊ हाताची दुसरी बघा. त्यांनी बघितली नाही.

मुंबई कुणाची यावरून रस्त्यात गोळ्या चालल्या, त्याच्या पुढच्या दिवाळीला दादा मुलुंडला आला. पहिल्यांदाच. भाऊबीज होती. मी पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळलं. मनात काही असो, निरांजनापुढे बसलेल्या भावाला ओवाळायचं असतं. त्याने खिशात हात घातला नाही. पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि तबकात ठेवलं. कोरी कादंबरी, वर त्याचं नाव. ओवाळणीत भाऊ जे घालेल ते बहिणीने परतवायचं नसतं, हे आमच्या घरात आईने आम्हा दोघींना लहानपणापासून शिकवलेलं. मी तबक उचलून देवापुढे ठेवलं.

जेवताना म्हणाला, "लोकांची पुस्तकं फाडतेस तसं हे फाडू नको, कुसुम. घरचं आहे." आमचे हे म्हणाले, वा, घरात लेखक झाला, झकास. मी भात वाढत राहिले.

वाचली. शेगडीशी बसून वाचली, दूध उतू गेलं दोनदा. आक्काचीच गोष्ट. नाव बदललेलं, बाकी आमचं घर, आमची विहीर, आमचा फणस. कादंबरीतला भाऊ बहिणीला बैलगाडीत घालून स्वतः मिरजेला नेतो. तिच्या उशाशी रात्री काढतो. घरी आणल्यावर सगळे तिच्याबरोबर एका पंगतीला बसतात. आणि शेवटी, श्रावणात, नागपंचमीच्या दिवशी, मुंबईला दिलेली धाकटी बहीण आगबोटीने येते, धावत खळ्यातून येते, आणि आक्का तिच्या मांडीवर डोकं ठेवून जाते. मग सगळ्यांची मनं निवतात आणि अंगणात ऊन पडतं.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. स्वतःला मिरजेला पोचवलं, ते एक समजले. निर्लज्जपणा म्हणून सोडूनही दिलं असतं. पण मला कशाला पोचवलंस? मी इथे तांदूळ निवडत होते. माझ्या मांडीवर कुणाचं डोकं नव्हतं. माझं न पोचणं तेवढं माझं स्वतःचं होतं, तेही या माणसाने घेतलं आणि वर ओवाळणी म्हणून तबकात घातलं.

याच पुस्तकाची दुसरी प्रत संपादकांकडे अभिप्रायासाठी आलीच होती, त्यांनी ती मलाच पाठवली. लेखक माझा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमचे हे म्हणाले, परत कर, सांग वेळ नाही म्हणून. लिहिलंस तर माहेर तुटेल, पुन्हा उंबऱ्यात पाय ठेवता येणार नाही, आई आहे तिकडे. सगळं खरं होतं. माहेर म्हणजे माझ्याकडे तेवढंच होतं. आंबे यायचे, लोणचं यायचं, मे महिन्यात अंथरुणाला जागा असायची. मी दोन दिवस पुस्तक ट्रंकेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले.

नातं कुठे लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की लेखक कोकणातला असून श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आधीच आगबोट सोडतो, यावरूनच बाकीच्या गोष्टी किती खऱ्या ते वाचकांनी ओळखावं. की या घरातली आजारी बाई पंगतीला जेवते, पण अशा घरांत तिचं ताट कुठे असतं हे ज्याने पाहिलंय त्याला घास गोड लागणार नाही. की ज्या भावाने बहिणीला मिरजेला नेलं नाही, त्याला कादंबरीत नेऊन पुण्य मिळत नाही. संपादकांनी एक शब्द कापला नाही. म्हणाले, या वेळी तुम्ही कुणाला तरी समोर उभं करून मारलंत. मी म्हटलं, हो.

पुढच्या भाऊबीजेला दादा आला नाही. आंबे आले नाहीत. मे महिन्यात मी गेले नाही. माहेर तुटतं तेव्हा आवाज होत नाही, टोपली यायची थांबते फक्त. मी म्हणायचे, बरं झालं. जयाबेनला सांगायचे, आम्हाला आता मुलुंडच गाव. आणि दुपारी भांडीवालीवर उगाच खेकसायचे.

मग त्यानंतरच्या वैशाखात एक दिवस दारात आई उभी. गावचा एक माणूस माझगावला जाणारा, त्याने बोटीवरून उतरवून आणलेली, हातात वळकटी. आई कधी तालुक्यापुढे गेली नव्हती. पाणी प्याली, पाय धुतले, स्वयंपाकघरात येऊन खाली बसली आणि मी चिरत होते ती भेंडी माझ्यापुढून ओढून घेतली.

मी विचारलं, दादाने पाठवलं का? नाही म्हणाली. तो काही बोलत नाही. तुझं लिहिलेलं पोस्टमास्तरांकडून वाचून घेतलं. चारचौघांत वाचलं त्यांनी, ओटीवर, दादा आत होता. मग तिने भेंडीची देठं एका बाजूला सारली.

"मिरजेला नको असं मी म्हटलं होतं," आई म्हणाली. "दादाने गाडी सांगितली होती. मी परत लावली. तुझं इथलं ठरत होतं. घरात क्षय आहे म्हटल्यावर मुलुंडवाल्यांनी केली असती का तुला? तुझं पत्र आलं तोवर ती गाडीत बसण्याजोगी उरली नव्हती."

मी सुरी मागितली. तिने दिली नाही.

"आक्काला माहीत होतं?"

"तीच म्हणाली, दमा म्हणा. कुसुमचं होऊ दे आधी."

मला लुगड्याची आठवण झाली, ते चुरगळेल म्हणाली होती ती. मी रडले बिडले नाही, कादंबरी नव्हे ही. राग आला. इतका राग मला दादाचासुद्धा कधी आला नव्हता. कुणाचा ते सांगता येईना. समोर आई होती, तिच्यावर काढला. म्हटलं, मग हे लिहायचं होतं ना त्याने. खोटी गाडी, खोटी पंगत, खोटी बोट कशाला?

आई म्हणाली, "हे लिहिलं असतं तर तुझ्या सासरी कळलं असतं. माझं नाव आलं असतं. त्याने आपल्या सगळ्यांना सोडवलं. तुला पोचवायला श्रावणात बोट सोडली, गो, आणि तू त्यालाच हसलीस."

दोन खोल्यांच्या घरात काय झाकून राहतंय? पलीकडे आमचे हे वर्तमानपत्र घेऊन बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. रात्री अंथरूण घालताना म्हणाले, मला सांगितलं असतं तरी मी तुझ्याशी लग्न केलं असतं. मी म्हटलं, आता म्हणायला काय जातं तुमचं. त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. खरं बोलत असतील तर आक्का फुकट गेली, खोटं बोलत असतील तर मी फुकट आले. दोन्हीतलं काय हवंय ते मला अजून ठरवता येत नाही, आणि त्यांना पुन्हा विचारायची हिंमत नाही.

आई आता इथेच आहे. सकाळी जयाबेनशी तोडक्यामोडक्या गुजरातीत भांडते. माझ्याशी बोलते, पण त्या विषयावर नाही. मी तिला माफ केलेलं नाही आणि तिने मागितलेलंही नाही. आमची मनं निवलेली नाहीत. भात मात्र एकाच पातेल्यात शिजतो, मला तो फार मऊ होतो, तरी ती तसाच करते.

पूर्वी लोक विचारायचे, घर कुठलं, तर मी झटकन गावाचं नाव सांगायचे. माहेर तुटल्यावर मुलुंड म्हणायला लागले, तोऱ्यात. आता दोन्ही सांगते. तिकडच्या पडवीत एक बाई गप्प राहिली म्हणून इकडचं दार उघडलं. तिकडचं घर सोडलं असं मला म्हणता येत नाही, मी त्याच्याच पैलतीराला राहते.

संपादकांनी परवा विचारलं, त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघतेय, आधीचा अभिप्राय मागे घ्यायचा का, काही मऊ लिहायचं का. मी नाही म्हटलं. कादंबरी वाईटच आहे. तिच्यामागचा माणूस वाईट नाही हे मला कळलं, म्हणून ती चांगली होत नाही.

यंदा नारळी पौर्णिमा झाली की पहिल्या बोटीने मीच जाणार आहे. दादाने दार उघडलं नाही तर पडवीत बसेन. त्याला सांगणार आहे, हे पुन्हा लिही. आईचं नाव घाल, माझं घाल, मुलुंडवाल्यांना काय कळायचं ते कळून चुकलंय. आईने गाडी परत लावली तिथपासून लिही. आणि या वेळी दादा, मला उशीर होऊ दे.