चार्ज झालेला मोडेम

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी इतकी वर्षं करमणूक म्हणून वाचत आलो. पिंपळाखाली पांढरी साडी दिसली की मी पुढचा अनुभव उघडतो. अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये माझी अख्खी नोकरी गेली. ज्या गोष्टीला व्होल्टमीटर लावता येत नाही तिच्यावर मत देऊ नये, असं मी मुलांना सांगायचो. म्हणून हे लिहिताना जरा लाज वाटते... पण या गोष्टीला व्होल्टमीटर लावता येत होता. तीच तर अडचण आहे.

ब्रॉडबँड तेव्हा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून यायचं. वऱ्हाडात कापसाची वर्षामागून वर्षं वाईट चालली होती. पुढाऱ्यांचे दौरे मात्र जोरात होते. मोठे लोक यायचे, त्यांच्या आधी रस्ता झाडला जायचा आणि भाषणं करून ते गेले की पुन्हा धूळ बसायची. त्या काळात ओळखीपाळखीतले लोक मला विचारायचे, “सर, मोडेम कोणता घेऊ?” आणि मी सांगायचो. नुसतं नाव सांगून थांबावं तर तेही नाही. फोन आणि इंटरनेट वेगळं करणारा स्प्लिटर काय असतो, लाइनवरचा आवाज मोडेमने कसा सोसला पाहिजे, साधा का नको आणि अँटेनावाला का हवा, सगळं. दुसऱ्यांच्या भाषणांना मी हसायचो, पण माझंही काही छोटं नव्हतं.

नाजनीन आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी. बी.एस्सी.ला मामाकडे अमरावतीत राहिली, पुढे कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलं. घर अकोल्याला. वडील रहीमभाई पिंजारी, गाद्या भरायचे. घराला लागूनच त्यांचं कापूस पिंजायचं मशीन. नाजनीनने कपाशीवरच्या पिठ्या ढेकणावर काम केलं होतं आणि त्यावरच पीएच.डी. करायला ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात अर्ज टाकला होता. मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. त्यासाठी घरात ब्रॉडबँड घेतलं. मोडेम अर्थातच माझ्या सल्ल्याने.

पहिली मुलाखत चौथ्या मिनिटाला तुटली, ती पुन्हा लागलीच नाही. तिकडच्या लोकांनी सभ्यपणे कळवलं की आणखी एकदा संधी देऊ, मात्र त्यानंतर यादी बंद होईल.

रहीमभाईंचा फोन आला. “सर, तुमीच या एकडाव. पोरगी जेवून नाई राहिली.”

बडनेऱ्याहून सकाळची पॅसेंजर धरून मी अकोल्याला गेलो. मे महिना होता, त्यामुळे उन्हाबद्दल वेगळं लिहीत नाही. बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि बिघाड दिसला. भाभींनी, म्हणजे नाजनीनच्या आईने, मोडेमला क्रोशाचं कव्हर घातलं होतं. टीव्हीला होतं, टेलिफोनला होतं, मग यानेच काय घोडं मारलं? चारी बाजूंनी झाकलेला, खाली गादीचा तुकडा, वर अकोल्याचा मे. तापून तो दर थोड्या वेळाने लाइन सोडत होता.

“धूळ बसते न सर,” भाभी म्हणाल्या.

“बसू द्या. त्याला हवा लागते.”

“आमालेबी लागते,” दारातून रहीमभाई म्हणाले. “आमाले कोन विचारते.”

मी कव्हर काढलं, मोडेम दोन उपड्या वाट्यांवर ठेवला, स्प्लिटर तपासला, लाइन तासभर चालवून पाहिली. एकदाही तुटली नाही. मोडेम टेलिफोनजवळ बैठकीतच ठेवावा लागत होता, म्हणून तिथून दाराच्या फटीखालून लांब केबल आतल्या खोलीत नेली. तिथे नाजनीन लॅपटॉप घेऊन बसणार होती. मुलाखत साडेबाराला. लोडशेडिंग तीनला. म्हणजे विजेचीही काळजी नव्हती.

बाराला रहीमभाईंनी पिंजायचं मशीन बंद केलं आणि स्वतः गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. टरबूजवाला ओरडत आला तसा त्यांचा आवाज ऐकू आला, “अरे मियाँ, आवाज कम कर. अंदर ऑस्ट्रेलिया चालू है.”

“तो उनको भी खिलाओ,” टरबूजवाला म्हणाला, पण गाडी मागे घेतली.

मी आत जाऊन नाजनीनचा आवाज, कॅमेरा पाहिला. तिने लॅपटॉपचा पडदा पुन्हा एकदा नीट केला.

“सर, पुन्हा तुटलं तर?”

“नाही तुटत. मी मोडेमजवळ बसतो.”

पलीकडची तीन माणसं स्क्रीनवर आली, हसली, बोलायला लागली. मी दार लोटून बैठकीत आलो आणि मोडेमसमोर खुर्चीवर बसलो. तीन दिवे हिरवे, चौथा लुकलुकत होता. म्हणजे माहिती ये-जा करत होती. छान गार वारा अंगावर येत होता. आतून नाजनीनचं इंग्रजी ऐकू येत होतं. आधी अडखळत, मग जरा मोकळं.

दोनेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मघा इथे गार वारा नव्हता.

कूलर सुरू होता. मला सकाळपासून घामाने भिजलेला बघून भाभींनी मी आत गेल्यावर तो लावला होता. नळाला पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात पाहुण्यासाठी कूलर भरणं म्हणजे काय, हे अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. त्या खोलीत चालू सॉकेट एकच होतं. मी बोर्डाकडे पाहिलं. सॉकेटमध्ये कूलरचा जाड काळा प्लग होता. मोडेमचा अडॅप्टर खाली गादीवर पडला होता, पिना वर करून.

मी मोडेमकडे पाहिलं. तीन दिवे हिरवे, चौथा लुकलुकत.

असं झालं की माणूस आधी स्वतःवर शंका घेतो. मी चष्मा पुसला. अडॅप्टरची वायर हाताने चाचपत मोडेमपर्यंत गेलो... तीच वायर होती, दुसरी कुठलीच नव्हती. अडॅप्टर उचलला. कोमट होता, काढून चार-पाच मिनिटं झालेल्या वस्तूइतका. आतून नाजनीन सांगत होती की ढेकूण पानाच्या कुठल्या बाजूला आधी बसतो.

भाभी सरबत घेऊन आल्या. मी कुजबुजत विचारलं, “भाभी, हे तुम्ही काढलं?”

“हो. तुमाले गरम होऊन राह्यलं होतं न.”

“पण मोडेम...”

“सकाळपासून लावलेलं होतं सर. मले वाटलं, चार्ज झालं असन.”

त्यांच्या हिशेबाने बरोबरच होतं. मोबाइलचं चार्जर असंच दिसतं, आणि चार्ज झालेला मोबाइल काढला म्हणून कोणी ओरडत नाही. मोडेममध्ये बॅटरीच नसते, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं नव्हतं. माझ्या एवढ्या व्याख्यानात ते वाक्य नव्हतं.

माझा चेहरा बघून त्यांना कळलं की काहीतरी चुकलं. सरबत ठेवून त्या बोर्डाकडे गेल्या आणि कूलरचा प्लग ओढायला हात घातला.

मी त्यांचा हात धरला.

“राहू द्या.”

“कावून? लावून देतो न परत.”

“नका लावू. कशालाच हात लावू नका.”

त्यांनी हात मागे घेतला. मग ओढणी डोक्यावर नीट घेऊन खाली बसल्या. अडॅप्टर माझ्या हातात गार होत गेला. मोडेमवर तळहात ठेवला तर तो गरम होता, चालू मोडेम असतो तसा. आत कुणीतरी विनोद केला, सगळे हसले, नाजनीनही हसली. भिंतीवरच्या घड्याळात मी सव्वीस मिनिटं मोजली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब प्रॅक्टिकल.

दार उघडलं. “सर, झालं,” नाजनीन म्हणाली. “एकदाही नाही अटकलं.”

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग वळून मोडेमकडे. दिवे गेलेले होते. नेमके कधी गेले ते मला सांगता येत नाही. सव्वीस मिनिटं दिवे आणि घड्याळ सोडून कुठेही न पाहिलेल्या माणसाने नको तेव्हा नजर हलवली. पण तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता, त्याला इलाज नाही.

त्याच दुपारी लोडशेडिंग लागायच्या आत मी अडॅप्टर लावून काढला, लावून काढला. दहा वेळा. प्रत्येक वेळी प्लग निघताच दिवे गेले. पुढे नाजनीन ऑस्ट्रेलियाला गेल्यावर तो मोडेम मी मागून घेतला आणि लॅबच्या टेबलावर उघडला. आत बॅटरी नाही. कपॅसिटर आहे, तो दिवे अर्धा सेकंदसुद्धा धरत नाही. फोनच्या तारेत वीज असते, हे मला ठाऊक आहे. ते पत्राने कळवायची तसदी घेऊ नये. त्या करंटवर मोडेम चालत नाही, मी चालवून पाहिला. लॅपटॉपच्या केबलमधूनही त्याला वीज मिळत नाही. घरात दुसरा मोडेम नव्हता, गल्लीत दुसरं ब्रॉडबँड नव्हतं. भास म्हणाल तर भाभींनाही तेच दिवे दिसत होते, आणि पलीकडच्या तीन माणसांनी शेवटपर्यंत प्रश्न विचारले होते.

मला जास्त सतावतं ते वेगळंच. माझ्या शास्त्राप्रमाणे तो मोडेम बंद होता. बंद यंत्राला वीज दिल्याने काहीही बिघडत नाही. उलट प्लग ताबडतोब लावणं हेच शहाणपणाचं होतं. कुठल्याही विद्यार्थ्याला मी तेच सांगितलं असतं. तरी मी भाभींचा हात धरला. काय वाटून धरला, ते मला त्या मोडेमपेक्षाही कमी कळलंय.

नाजनीनला हे मी सांगितलं नाही. मुलाखत तिने दिली होती, तिच्या अभ्यासावर दिली होती. त्यात मध्येच चमत्कार घुसवणं बरं वाटलं नाही. रहीमभाईंना भाभींनी सांगितलं असावं, पण भाभींच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. चार्ज झालेली वस्तू चालली, एवढंच.

वर्षभराने भाभींचा फोन आला. त्यांच्या सांगण्यावरून गल्लीतल्या दोघांनी तोच मोडेम घेतला होता, आणि दोघंही त्यांच्यावर नाराज होते.

“सर, त्यायचं काढलं का लगेच बंद होते. चार्जिंगच टिकत नाई म्हनतात. डुप्लिकेट देलं काय दुकानवाल्यानं?”

खरं काय ते सांगायला सोपं होतं, त्यात एकही अवघड शब्द नव्हता. फक्त ते सांगितलं असतं तर त्या दुपारचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

“नाही भाभी,” मी म्हणालो. “त्यांचे बरोबर आहेत. आपला जरा चांगला निघाला.”

“मंग तुमीच तं निवडला होता,” भाभी म्हणाल्या.