दादाचं बिनआवाजाचं कन्सोल

माय अंगणात वीस पावलांवर होती, आणि घरात माझा भाऊ गुदमरून मरत होता. तिला ऐकूच गेलं नाही.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वाचला तो.
आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. "तो बेडवरचा गजानन" एवढीच ज्यांना ओळख आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गजूदादा अकोल्यात रेडिएटरचं काम करायचा. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, काहीही आणा.
हिवरखेडला घरी आला असताना चिंचेवरून पडला. मानेचा मणका मोडला, मानेखालचं अंग गेलं.
डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. आणि आवाज एवढासा. छातीत जोरच नव्हता.

त्या दोन बोटांसाठी त्यानं गेम कन्सोल मॉडिफाय करवून घेतलं. बटणं लाकडी पाटीवर, जॉयस्टिक हनुवटीखाली.
सांगणार तो, करणार मी. मी तेव्हा बी.एड. करत होते, कधी स्क्रू ड्रायव्हर धरला नव्हता.

मग तो त्यावर ट्रक चालवायचा. बर्फातले घाट, तासन्‌तास.
मी अकोल्याला असले की मायला फोन लावायला सांगून म्हणायचा, "शालू, आज पाचशे किलोमीटर मारले."

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे.
कूलरची ओल त्याच्या छातीला चालायची नाही, म्हणून खोलीत फक्त पंखा. कन्सोल तापायचं आणि आतला फॅन असा ओरडायचा की पिठाची गिरणी बरी.

त्या दुपारी त्याच्या घशात कफ अडकला. बेल होती, पण उबळ आली की बोटं वळायची, दाबताच यायची नाही. हाका मारल्या, त्या फॅनच्या आवाजात गेल्या. बाबा योगायोगानं मळ्यातून लवकर आले, तेव्हा तो निळा पडला होता.

संध्याकाळी माय म्हणाली, "ते मशीन फेक उकिरड्यावर. मले माहं लेकरू पाह्यजे."
दादानं तिच्याकडं डोळे वळवले.
मग म्हणाला, "मशीन जाईन तं मी काय करू माय, दिवसभर छत पाहू?"
माय रडायला लागली.
"एक महिना दे. मी त्याचं तोंड बंद करतो."

त्याला वॉटर कूलिंग करायचं होतं. गाडीच्या इंजिनला असतं तसंच, पाणी फिरवून चिप गार ठेवायची.
मी म्हटलं, "दादा, करंटच्या मशीनमध्ये पाणी?"
"ट्रकमधी बी करंट असते अन् पाणी बी असते. घाबरतं काहून?"

चिपवर बसणारा तांब्याचा ब्लॉक आणि छोटा पंप ऑनलाइन मागवला. तो ब्लॉक कॉम्प्युटरचा, कन्सोलवर बसेना. दादानं आधी पुठ्ठ्यावर माप घ्यायला लावलं, मग ब्लॉक आवळून धरायला पत्र्याची पट्टी कापायला. तीन पट्ट्या वाया गेल्या. चौथी बसली.
"स्क्रू एकदम नको पिळू. अर्धा आटा इकडं, अर्धा समोरचा."

रेडिएटर त्याच्या जुन्या उस्तादांनी पाठवला. जुन्या जीपच्या हीटरमधला, तांब्याचा.
ॲल्युमिनियमचा सहज मिळत होता, पण दादा नाही म्हणाला. "तांबं अन् ॲल्युमिनियम एका पाण्यात ठेवलं का सडते."
उस्तादांचा रेडिएटर बादलीत बुडवून सायकलच्या पंपानं हवा भरली. एका कोपऱ्यातून बुडबुडे. तिथं मी सोल्डरिंगचा डाग देऊन भोक बुजवलं.
रेडिएटर खिडकीबाहेर मागच्या ओसरीच्या सावलीत टांगला, त्याचा फॅनही तिथंच; कन्सोलमधला ओरडणारा फॅन काढून टाकला. नळ्या खिडकीतून आत. म्हणजे आवाज करायचा तर बाहेर कर!

रेडिएटरच्या वर टांगलेल्या बाटलीतून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरलं, नुसता पंप सुरू केला. कन्सोल बंद. सगळ्या जॉइंटखाली वर्तमानपत्र. एक दिवस एक रात्र. एक थेंब नाही.
मी नाचायचीच बाकी होते.

दादानं डोळे मिटले.
"हवा अडकली. रेडिएटरच्या वरच्या अंगाले, डाव्या कोपऱ्यात."
"तुला काय माहीत? तो तर भिंतीपलीकडं आहे!"
"गुळगुळ करून राह्यलं ना व."

मी कान लावला. मला काहीही ऐकू येईना.
बाहेर जाऊन रेडिएटरचा डावा कोपरा वर उचलला.
नळीतून हवेचे बुडबुडे सरसर आले आणि बाटलीत फुटले. एक, दोन, मग ओळच.
माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो.
माझ्या भावाला मान वळवता येत नव्हती. आणि त्याला भिंतीपलीकडचा बुडबुडा कळत होता.

मग परीक्षा. भर दुपारी, दारं उघडी. दादा तासभर खेळला. माय त्याच जागी, अंगणात मिरच्या निवडत.
त्यानं त्याच्या एवढ्याशा आवाजात हाक मारली.
"माय."
ती ताडकन उठली. मिरच्या सांडल्या.
दारात येऊन नुसती उभी राहिली. "ऐकू आलं रे मले," म्हणाली.

त्यानंतर तीन वर्षं. किती वेळा त्याची हाक तिनं ऐकली, किती वेळा त्याला कुशीवर वळवून वाचवलं, ते तिलाच माहीत.

गेल्या वर्षी छातीत इन्फेक्शन झालं. अमरावतीला ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या.
शेवटच्या दुपारीही तो खेळत होता. माय स्वयंपाकघरात होती. पहिल्याच हाकेला पोचली.
"काय झालं रे?"
"काई नाई. बस जवळ."
ती बसली. तिचा हात त्याच्या कपाळावर होता. दादा तसाच गेला.

मी अकोल्याहून पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. रडून झालं, सगळे शांत बसले होते. खूप वेळानं माझा हात त्याच्या बटणांच्या पाटीला लागला आणि काळी पडलेली स्क्रीन उजळली.
कन्सोल सुरूच होतं. इतक्या माणसांत कुणालाच कळलं नव्हतं.

मी बंद केलं.

दादा, तुझ्यासारखा मिस्त्री मी पाहिला नाही.
तुझ्या शालूचा तुला वाकून नमस्कार.