हात हलला की पट्टी वर

दूध संस्थेत नवा कॉम्प्युटर आला तवा सेक्रेटरी अण्णांनी मला तिथं बसवली. मी नववी शिकलेली, नवऱ्यानं टाकलेली, बाळ मांडीवर घिऊन कसबा बावड्यात भावाच्या दारात पडलेली. भावजय रोज इचारायची, "आनि किती दिस?" ही नोकरी गेली तर मी बाळाला घिऊन कुठं जाणार?

सकाळी बायकांची रांग. दूध मापायचं, पडद्यावर नाव काढायचं, आकडा भरायचा. नंबर टाकला की नाव येतंय, पण नंबर कुणाच्या ध्यानात? खातं नवऱ्याच्या नावावर, आणि नवऱ्याचं नाव बाई घेती व्हय? "आमच्यातलं घाल की," म्हणायच्या. मग मी पडद्याच्या कडंच्या पट्टीतला ठोकळा माऊसनं धरून खाली वडायची, नावं सरसर पळायची, त्यातनं तिच्या घरचं हुडकायची.

पट्टी करंगळीएवढीबी रुंद न्हवती. मांडीवरच्या बाळानं हात वडला, माऊस जरा बाजूला सरकला, की ठोकळा टुणकन माघारी, पयल्या नावावर. पयलं नाव चेअरमन आबांचं. मागनं रांग वरडायची, मी घाबरून नाव न बघताच आकडा भरून मोकळी व्हायची.

बिलं वाटली आणि बायकांत बोंब उठली.

"आबांच्या म्हशींस्नी पान्हा लई सुटलाय की गं!"

"हिला साडी घेतली आसंल आबांनी!"

आबा लालबुंद. "उद्या सकाळी एक जरी चूक झाली, तर परवा येऊ नगंस."

अण्णांनी प्रोग्रॅम करणाऱ्या पोराला बोलवून घेतलं. त्यो दुपारी मोटरसायकलवरनं आला.

"वैनी, माऊस सरळ धरा की."

"आणि बाळाला कुठं धरू?"

"समद्या कॉम्प्युटरात आसंच हाय ओ. हात लांब गेला म्हंजे माणसाला नको आसंल, म्हणून ठोकळा माघारी जातोय."

"नको न्हाई ओ दादा, मला पायजे हाय!" मी टेबल धरून रडायलाच लागले. "तुमी आसं सोडून गेलासा तर माझं काय उरत न्हाई बघा."

त्यानं खुर्ची वडून घेतली. मग म्हणाला, "बाळ मांडीवर घिऊनच चालवून दावा." पडदा सोडून माझा हातच बघत बसला. पट्टी चांगली रुंद केली. हात कुठंबी गेला तरी ठोकळा जागेवर राहील आसं केलं. पण ठोकळा इतका पळायचा की जरा हलवला तर आख्ख्या गल्लीची नावं मागं. मी परत रडकुंडीला. त्यानं चाल कमी केली, वडताना नाव मोठ्या अक्षरात दिसंल आसं केलं. तवर संध्याकाळच्या किटल्या वाजायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आबा खुर्ची टाकून पाठीमागंच बसले.  पयली म्हातारी, "आमच्यातलं घाल." ठोकळा खाली नेला, नाव आलं, तवर बाळानं लाथ मारली, माऊस टेबलाच्या कडंला. मी डोळं मिटलं.

उघडलं तर नाव तितंच.

"माझ्याच घरचं हाय न्हवं?" म्हातारी म्हणाली.

मी पडदा तिच्याकडं फिरवला. "बघा की मावशी."

"मला कुठं वाचाय येतंय?"

पाठीमागनं आबांनी ते नाव मोठ्यांदा वाचलं. म्हातारीनं लाजून पदर तोंडाला लावला, मान हलवली. मी आकडा भरला, आणि अण्णांनी पुढची किटली सरकवली.